पाच-सहा वर्षं रिटर्न भरलंच नाही? ढीग बघू नका, वर्षं मोजा

(नोव्हेंबर २०२५ मध्ये रेकॉर्ड केलेल्या भागाचं हे लेखी रूप. ऐकताना आकडे निसटतात अशी तक्रार बऱ्याच जणांची असते, म्हणून यावेळी आकडे जसेच्या तसे ठेवलेत.)



आजचा विषय थोडा अवघड जागचं दुखणं आहे. इन्कम टॅक्स रिटर्न. आणि तेही वेळेवर भरणाऱ्यांसाठी नाही. ज्यांनी दोन, चार, सहा वर्षं भरलंच नाही, आणि आता त्या विषयाचा मेसेज आला तरी फोन उलटा ठेवतात, त्यांच्यासाठी.

मी सीए नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण गेले दोन महिने माझ्या कॉलेजच्या एका मित्राची सहा वर्षांची कागदपत्रं मी लावून देतोय. कायद्याचं काम एक सीए मॅडम बघतायत, आकडे गोळा करायचं काम माझ्याकडे. त्याच्या परवानगीनं सांगतोय. ओळख लपावी म्हणून आकडे बदललेत आणि गोल केलेत, पण गणिताची रीत तीच आहे.

मित्र फ्रीलान्स वेब डेव्हलपर. फ्लॅट घ्यायचाय. बँकेनं तीन वर्षांची रिटर्न्स मागितली आणि याच्याकडे एकही नाही. चांगली कमाई, खात्यात पैसे, पण कागदावर माणूस शून्य.

न भरण्याची सुरुवात कशी होते

बहुतेकांची सुरुवात चोरीनं होत नाही. पहिल्या वर्षी हा एका भारतीय एजन्सीसाठी काम करायचा. ते दहा टक्के टीडीएस कापून पैसे द्यायचे. याला वाटलं, टॅक्स तर कापलाच की, आता अजून काय भरायचं? दुसऱ्या वर्षी कोविड, काम अर्ध्यावर. तिसऱ्या वर्षी परदेशी क्लायंट मिळाले, पैसे वाढले, टीडीएस कापणारं कोणी नाही. तेव्हा कळलं की आता भरायला हवं. पण मग दुसरी भीती: यंदाचं भरलं तर मागचं विचारतील.

आणि इथंच माणूस अडकतो. मागचं भरलं नाही म्हणून यंदाचं भरत नाही, आणि यंदाचंही मागचं होऊन जातं.

एक गोष्ट स्पष्ट करतो. यंदाचं रिटर्न भरायला मागची रिटर्न्स भरलेली असावी लागत नाहीत, पोर्टल तुम्हाला अडवत नाही. आणि तुम्ही गप्प बसलात म्हणून खात्याला काही कळत नाही असंही नाही. फॉर्म २६एएसमध्ये तुमचा कापलेला टीडीएस दिसतो. एआयएसमध्ये बँकेचं व्याज, डिव्हिडंड, शेअर आणि म्युच्युअल फंडाचे व्यवहार दिसतात. मित्राच्या एआयएसमध्ये त्याच्या आईनं त्याच्या नावावर ठेवलेल्या एफडीचं व्याज निघालं. त्याला स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

पहिलं काम: प्रत्येक वर्षाला एक ओळ

मित्र म्हणत होता, "अरे, सहा वर्षांचं आहे सगळं, कुठून सुरू करू?" मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं की सहा वर्षांचा ढीग म्हणून बघायचंच नाही. प्रत्येक वर्षाचा नियम वेगळा, तारीख वेगळी, आणि कधी कधी दिशाही वेगळी. म्हणजे काही वर्षांत तुम्ही सरकारला देणं लागता, काही वर्षांत सरकार तुम्हाला.

म्हणून मी एक साधी शीट केली. एका वर्षाला एक ओळ. रकाने पाच: एकूण जमा, कापलेला टीडीएस, करपात्र उत्पन्न, होणारा टॅक्स, आणि शेवटी "द्यायचे की घ्यायचे".

यासाठी लागलं काय? प्रत्येक वर्षाचं २६एएस आणि एआयएस, सगळ्या खात्यांची स्टेटमेंट, क्लायंटला पाठवलेली बिलं, परदेशातून आलेल्या पैशांचे बँकेचे कागद. जुनी स्टेटमेंट ॲपवर नसतील तर शाखेत अर्ज करा. आणि खात्यात आलेला प्रत्येक रुपया म्हणजे उत्पन्न नव्हे. मित्राकडून परत आलेले उसने पैसे, स्वतःच्याच दुसऱ्या खात्यातून फिरवलेले पैसे बाजूला काढावे लागतात. माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

अजून एक महत्त्वाचं. कलम ४४एडीए. ठरावीक व्यवसायांना, ज्यात डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि आयटीवाले येतात, एकूण जमेच्या निम्मी रक्कम थेट उत्पन्न म्हणून दाखवता येते. मर्यादा वर्षाला ५० लाख. २०२३-२४ पासून रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. हिशोबाची वही ठेवावी लागत नाही. तुमचं काम त्या यादीत बसतं का, हे मात्र सीएला विचारा. सगळे फ्रीलान्सर त्यात येत नाहीत.

आज कुठलं दार उघडं आहे

आता तारखा. हे नोव्हेंबर २०२५ चं चित्र आहे, लिहून घ्या.

आर्थिक वर्ष २०२४-२५: मुदत १६ सप्टेंबरला संपली, पण उशिराचं रिटर्न, म्हणजे बिलेटेड रिटर्न, ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येतं. लेट फी ५,००० रुपये, आणि उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर १,०००. वर व्याज.

त्याआधीच्या वर्षांसाठी आयटीआर-यू, म्हणजे अपडेटेड रिटर्न. ही सोय २०२२ च्या बजेटमध्ये आली. तेव्हा दोनच वर्षं मागे जाता यायचं, १ एप्रिल २०२५ पासून चार वर्षं झाली. पण फुकट नाही. टॅक्स अधिक व्याज अशी जी बेरीज होते, तिच्यावर जादा टॅक्स लागतो:

२०२३-२४ साठी २५ टक्के.
२०२२-२३ साठी ५० टक्के.
२०२१-२२ साठी ६० टक्के.
२०२०-२१ साठी ७० टक्के.

हे दर ३१ मार्च २०२६ पर्यंतचे. १ एप्रिलला प्रत्येक वर्ष एक पायरी वर सरकतं. २५ चे ५० होतात, ५० चे ६०, ६० चे ७०. आणि २०२०-२१ चं दार कायमचं बंद होतं. २०१९-२० साठी आयटीआर-यू आजच बंद आहे.

आता खरी गंमत: आयटीआर-यू फक्त देणाऱ्यांसाठी आहे

हे मला माहीत नव्हतं आणि माझ्या ओळखीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. आयटीआर-यू भरून रिफंड मागता येत नाही. तोटा दाखवता येत नाही. तुम्ही टॅक्स देणं लागत असाल तरच ते चालतं.

मित्राची पहिली दोन वर्षं बघा. २०१९-२० मध्ये जमा ६ लाख. दहा टक्के टीडीएस, म्हणजे ६०,००० कापले. ४४एडीएप्रमाणे उत्पन्न ३ लाख. पाच लाखांपर्यंत रिबेट, त्यामुळे टॅक्स शून्य. म्हणजे सगळे ६०,००० परत मिळायला हवे होते. २०२०-२१ मध्ये जमा ४ लाख. त्या वर्षी कोविडमुळे टीडीएसचा दर साडेसात टक्के केला होता, म्हणून ३०,००० कापले. उत्पन्न २ लाख, टॅक्स शून्य.

म्हणजे ज्या दोन वर्षांच्या भीतीनं हा पुढची चार वर्षं गप्प बसला, त्या दोन वर्षांत तो एक रुपयाही देणं लागत नव्हता. उलट सरकारकडे त्याचे ९०,००० पडून होते.

मग ते गेले का? अजून नाही. कलम ११९(२)(बी) म्हणून एक वाट आहे. उशीर माफ करावा असा अर्ज. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे असेसमेंट इयर संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत हा अर्ज करता येतो. २०१९-२० चं असेसमेंट इयर ३१ मार्च २०२१ ला संपलं, म्हणजे शेवटची तारीख ३१ मार्च २०२६. २०२०-२१ साठी अजून एक वर्ष जास्त. अर्ज ई-फायलिंग पोर्टलवरून जातो. उशिराचं खरं कारण लिहावं लागतं, कागद जोडावे लागतात, आणि मंजूर झाल्यावरच त्या वर्षाचं रिटर्न भरायचं. शक्यतो सहा महिन्यांत निकाल द्यावा असं परिपत्रक म्हणतं. उशिराच्या रिफंडवर व्याज मिळत नाही.

मित्राच्या वडिलांचं २०२० मध्ये मोठं आजारपण झालं होतं. मॅडमनी त्याचे हॉस्पिटलचे कागद मागवले. तो विचारत होता, "अजून काही लिहू का, जोर यायला?" मॅडम म्हणाल्या, "जे घडलं तेवढंच लिही बाळा. नसलेलं कारण सिद्ध करायला नसलेला कागद लागतो."

मंजूर होईलच याची खात्री नाही, अधिकारी ठरवतील. पण अर्जच केला नाही तर ६०,००० मार्चनंतर नक्की गेले.

देण्याच्या वर्षांचा खरा हिशोब

आता कडू भाग. २०२१-२२ घेऊ. जमा १४ लाख, टीडीएस नाही. उत्पन्न ७ लाख. जुन्या पद्धतीनं टॅक्स ५२,५०० आणि चार टक्के सेस धरून ५४,६००. (एफडीचं व्याज सोपं जावं म्हणून इथं सोडून दिलंय.)

जुनी पद्धत का? कारण त्या वर्षी नवी पद्धत हवी असेल तर मुदतीच्या आत निवडायला लागायची. २०२३-२४ पासून उलटं झालं. नवी पद्धत आपोआप, आणि व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्याला जुनी हवी असेल तर मुदतीत फॉर्म भरावा लागतो. उशीर करणाऱ्याला दोन्ही वेळा निवड राहत नाही.

आता व्याज. उशिरा रिटर्नसाठी कलम २३४ए, महिन्याला एक टक्का. ऑगस्ट २०२२ ते नोव्हेंबर २०२५, ४० महिने, २१,८४०. ॲडव्हान्स टॅक्स भरला नाही म्हणून २३४बी, तेही महिन्याला एक टक्का, एप्रिल २०२२ पासून ४४ महिने, २४,०२४. २३४सीचे ५४६. एकूण व्याज ४६,४१०.

टॅक्स आणि व्याज मिळून १,०१,०१०. त्यावर ६० टक्के जादा, म्हणजे ६०,६०६. लेट फी ५,०००. एकूण १,६६,६१६.

वेळेवर ५४,६०० मध्ये मिटलं असतं. तिप्पट झालं.

चारही देण्याची वर्षं अशीच काढली. मूळ टॅक्स २,३९,२००. नोव्हेंबरमध्ये सगळं भरलं तर एकूण ५,४०,६७६. ही शीट मी त्याला दाखवली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. डाउन पेमेंटसाठी त्याच्याकडे चार लाख साठले होते.

पैसे कमी आहेत, मग आधी कुठलं?

इथं क्रम महत्त्वाचा. मॅडमनी असा लावला.

एक, २०२४-२५ आधी. ३१ डिसेंबरपर्यंत जादा टॅक्स नाही. नंतर यालाही आयटीआर-यू आणि २५ टक्के लागतील. याला लागले ५१,५९२.

दोन, २०२३-२४. एप्रिलमध्ये याची उडी सगळ्यात मोठी, २५ वरून थेट ५०. लागले ८५,१४५.

ही दोन भरून झालीत. ई-व्हेरिफायसुद्धा लगेच केलं. ते ३० दिवसांत केलं नाही तर मेहनत पाण्यात.

तीन, २०२२-२३ आणि २०२१-२२. या दोन्ही मार्चच्या आत. थांबण्याचा खर्चही आम्ही काढला. २०२२-२३ चा मूळ टॅक्स ९६,२००. महिन्याला दोन टक्के व्याज आणि त्यावर ५० टक्के, म्हणजे दर महिन्याला २,८८६ रुपये. २०२१-२२ चे तसेच १,७४७. दोन्ही मिळून महिन्याला साडेचार हजारांच्या वर.

चार, रिफंडचे दोन अर्ज समांतर चालू. त्याला पैसे लागत नाहीत, कागद लागतात.

चलन भरताना एकच काळजी: असेसमेंट इयर नीट निवडा. आर्थिक वर्ष २०२२-२३ म्हणजे असेसमेंट इयर २०२३-२४. एका वर्षाचे पैसे दुसऱ्या वर्षात गेले की सोडवताना नाकी नऊ येतात.

"जुनं सोडून दे ना" असं सांगणारे

असा सल्ला देणारा प्रत्येकाच्या ओळखीत असतोच. यालाही एकानं सांगितलं, बँकेला तीन वर्षं हवीत ना, तीनच भर, २०२१-२२ ला हात लावू नको.

हे प्रामाणिकपणे बघू. जुनं वर्ष उघडायला खात्यालाही मुदत आहे. साधारणपणे असेसमेंट इयर संपल्यापासून तीन वर्षं तीन महिने, आणि लपलेलं उत्पन्न ५० लाख किंवा जास्त असेल तर पाच वर्षं तीन महिने. म्हणजे याच्या २०२१-२२ साठी ३० जून २०२६. आठच महिने राहिलेत, कशाला भरा, असं वाटू शकतं.

पण त्या आठ महिन्यांत नोटीस आली तर? टॅक्स आणि व्याज तर लागेलच, वर दंड. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड टॅक्सच्या ५० टक्के, आणि चुकीची माहिती देऊन लपवल्याचं ठरलं तर २०० टक्के. शिवाय कलम २७६सीसी. रिटर्न न भरण्यावर खटला होऊ शकतो, त्यात तीन महिन्यांपासून पुढे कैदेची तरतूद आहे. बाकी टॅक्स १०,००० च्या आत असेल तर हा खटला चालत नाही. याचा ५४,६०० आहे. आणि मुदतीत आयटीआर-यू भरलं असेल तरी हा खटला चालत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. जादा ६० टक्के देऊन तुम्ही जे विकत घेता ते हे.

आणि एकदा त्या वर्षाची फेरतपासणी सुरू झाली की आयटीआर-यूचं दार तिथंच बंद होतं. मग आकडा तुम्ही मांडत नाही, ते मांडतात.

१ एप्रिल २०२६ पासून नवा इन्कम टॅक्स कायदा लागू होतोय, म्हणून जुनं आपोआप मिटेल असंही समजू नका. जुन्या वर्षांना जुनाच कायदा लागू राहतो.

यंदाचं विसरू नका

मागचं निस्तरताना चालू वर्ष, २०२५-२६, हातातून निसटायला नको. नव्या पद्धतीत यंदा १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे टॅक्स शून्य. मित्राची जमा १८ लाख, ४४एडीएप्रमाणे उत्पन्न ९ लाख, टॅक्स शून्य!

पण रिटर्न भरावंच लागणार, कारण उत्पन्न ४ लाखांच्या मूळ मर्यादेच्या वर आहे. टॅक्स शून्य आणि रिटर्न नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या वर्षी त्याचा गोंधळ नेमका इथंच झाला होता. तुमचा टॅक्स निघत असेल तर ४४एडीएवाल्यांनी सगळा ॲडव्हान्स टॅक्स १५ मार्चपर्यंत भरायचा. आणि जमा २० लाखांच्या पुढे जात असेल तर जीएसटीचा विषय सुरू होतो, त्यावर वेगळा भाग करू.

मित्राचं आजचं सांगतो. बघितलेला फ्लॅट सोडून दिला. डाउन पेमेंटचे पैसे इकडे वळले. घरी सांगणं त्याला रिटर्नपेक्षा जड गेलं. पण मार्चपर्यंत उरलेली दोन वर्षं भरली की पुढच्या वर्षी बँकेसमोर तीन नाही, चार वर्षांचे कागद असतील. ९०,००० आले तर आले.

तुमचंही असं काही राहिलं असेल तर आज रात्री एवढंच करा. पोर्टलवर लॉग इन करा, प्रत्येक वर्षाचं २६एएस आणि एआयएस डाउनलोड करा, आणि एका कागदावर वर्षांच्या ओळी पाडा. काही भरायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. फक्त कुठल्या वर्षात द्यायचेत आणि कुठल्या वर्षात घ्यायचेत ते बघा. मग तो कागद घेऊन सीएकडे जा. आणि ३१ डिसेंबरच्या आत जा.

प्रश्न पाठवा, पण पॅन नंबर आणि स्टेटमेंट मला पाठवू नका, प्लीज. ती तुमच्या सीएलाच द्या.

भेटू पुढच्या भागात.